रात्री अकरानंतरचा हॉल

इंग्लंडमध्ये सुमारे १०,००० व्हिलेज हॉल आहेत. त्यांतले बरेच पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांच्या स्मरणार्थ लोकवर्गणीतून बांधले गेले. सकाळी तिथे शिशुवर्ग भरतो, दुपारी वयस्कांचा चहा होतो, संध्याकाळी व्यायामाचा वर्ग असतो आणि शनिवारी रात्री कोणाच्या लग्नाची, कोणाच्या साठीची पार्टी रंगते. शहरांतली कम्युनिटी सेंटर आणि चर्चचे हॉलही असेच वापरले जातात. हे सगळे चालवते ती बिनपगारी स्वयंसेवकांची समिती. छप्पर गळायला लागले किंवा हीटिंगचे बिल वाढले, की तिची नजर शनिवारच्या भाड्याकडे आणि बारच्या गल्ल्याकडे वळते. त्याच वेळी हॉलच्या भिंतीपासून पंधरा-वीस पावलांवर कोणाची तरी झोपायची खोली असते. या दोन गरजांमधली वेळ ठरवण्याचे काम स्थानिक कौन्सिलच्या परवाना समितीकडे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टप्रमाणे चालते.

हा कायदा येण्यापूर्वी दारूचा परवाना मॅजिस्ट्रेट देत आणि नाचगाण्याचा परवाना कौन्सिल देई. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांनी वेळेवर आणि शुद्धीवर कामावर यावे म्हणून पबच्या वेळांवर कडक बंधने आली. पुढे त्यांत फेरफार होत गेले, तरी ठरावीक बंद-वेळेची कल्पना टिकून राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती वेळ रात्री ११, रविवारी १०.३० अशी होती. गाण्याच्या बाबतीत एक चमत्कारिक सवलत होती. पबमध्ये दोनच कलावंत वाजवत असतील तर वेगळा परवाना लागत नसे, तिसरा आला की लागे. २४ नोव्हेंबर २००५ पासून नवा कायदा अमलात आला आणि दारू, संगीत, नाटक, रात्री उशिराचे गरम खाणे हे सारे एकाच परवान्यात आले. तो देण्याचा अधिकार निवडून आलेल्या नगरसेवकांकडे गेला. देशभर एकच बंद-वेळ ही गोष्ट संपली आणि प्रत्येक जागेची वेळ त्या जागेपुरती ठरू लागली. वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘चोवीस तास दारू’ अशी ओरड केली होती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तास-दोन तासांचीच वाढ मागितली गेली.

समितीला निर्णय घेताना चारच उद्दिष्टे पाहता येतात: गुन्हे आणि बेशिस्तीला आळा, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवाला आळा आणि मुलांचे संरक्षण. स्कॉटलंडच्या वेगळ्या कायद्यात सार्वजनिक आरोग्य हे पाचवे उद्दिष्ट आहे, इंग्लंडमध्ये ते नाही. नव्या नगरसेवकाला या कामातली ही मर्यादा सगळ्यांत आधी जाणवते आणि सगळ्यांत उशिरा पचनी पडते. गावात दोन पब असताना हॉलला बार कशाला, हा प्रश्न कितीही रास्त वाटला तरी तो विचारात घेता येत नाही, कारण गरज आहे की नाही हे ठरवणे परवाना समितीचे काम नव्हे. घरांच्या किमती उतरतील, तरुण पिढी बिघडेल, हॉल मूळ कोणत्या हेतूने बांधला होता, हे मुद्देही बाजूला पडतात. दारूविषयी समितीतल्या माणसाचे वैयक्तिक मत काहीही असो, पुढ्यातल्या कागदावर त्याला जागा नसते.

अर्जाची वाटचाल ठरलेली आहे. अर्जदाराने हॉलबाहेर फिकट निळ्या कागदावर नोटीस लावायची, ती २८ दिवस दिसत राहिली पाहिजे. तेवढ्या काळात कोणीही लेखी हरकत किंवा पाठिंबा देऊ शकतो. पूर्वी फक्त आसपास राहणाऱ्या किंवा व्यवसाय करणाऱ्यांनाच हा हक्क होता, २०११ च्या कायद्याने ती अट काढली. पोलीस, अग्निशमन दल, पर्यावरण-आरोग्य विभाग, नियोजन विभाग, बालसंरक्षण यंत्रणा अशा संस्थांकडेही अर्ज जातो. कोणाचीच ग्राह्य हरकत आली नाही तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. अर्जदाराने स्वतः लिहून दिलेल्या गोष्टी आणि कायद्याने सक्तीच्या केलेल्या अटी, यांपलीकडे तिला एक शब्दही घालता येत नाही. म्हणून निळा कागद न वाचता शेजारून गेलेल्या माणसाला नंतर हळहळण्यापलीकडे लगेच काही करता येत नाही. हरकत आली तर मुदत संपल्यापासून कामकाजाच्या २० दिवसांत सुनावणी सुरू होते. त्याआधी परवाना अधिकारी दोन्ही बाजूंशी बोलतो. बरेचसे वाद तिथेच मिटतात. हॉल एक वाजेची मागणी बारावर आणतो आणि पर्यावरण-आरोग्य अधिकारी दोन अटी सुचवून हरकत मागे घेतो.

सुनावणीपर्यंत आलेल्या प्रकरणात समितीच्या हाती नक्की काय असते, हे समजायला घड्याळातला अकराचा आकडा महत्त्वाचा आहे. १ ऑक्टोबर २०१२ पासून लाइव्ह म्युझिक ॲक्ट लागू झाला आणि २०१५ मध्ये त्याच्या सवलती वाढल्या. सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात ५०० पर्यंत श्रोते असतील तर सामुदायिक हॉलमध्ये गाण्यासाठी, मग ते समोर वाजवलेले असो की ध्वनिमुद्रित, सहसा परवाना लागत नाही. जागेच्या व्यवस्थापनाची संमती पुरते. दारूचा परवाना असलेल्या जागीही याच वेळात, लोक दारू प्यायला जमलेले असताना, परवान्यातल्या संगीताच्या अटी निद्रिस्त राहतात आणि फेरविचाराच्या सुनावणीनंतरच त्यांना जागे करता येते. त्यामुळे रात्री नऊच्या ढोलाबद्दल तक्रार घेऊन आलेल्या शेजाऱ्याला समिती फारशी मदत करू शकत नाही. त्याच्यासाठी १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातली उपद्रवाची तरतूद आहे आणि तिचा मार्ग वेगळा आहे. समितीचे खरे क्षेत्र अकरानंतर सुरू होते.

कायमच्या परवान्याशिवाय आणखी एक वाट आहे. ती म्हणजे टेम्पररी इव्हेंट नोटीस, कामकाजाच्या बोलीत ‘टेन’. २१ पौंड भरून, कामकाजाचे १० दिवस आधी नोटीस दिली की एका कार्यक्रमापुरती दारू विकता येते आणि उशिरापर्यंत संगीत लावता येते. एका वेळी ५०० पेक्षा कमी माणसे हवीत आणि कार्यक्रम १६८ तासांहून लांबता कामा नये. दारूविक्रीचा वैयक्तिक परवाना नसलेल्या माणसाला वर्षाला अशा ५ नोटिसा देता येतात. एकाच जागेसाठी वर्षाला १२ नोटिसांची मर्यादा होती, ती २०१६ मध्ये १५ झाली आणि कोविडनंतर दोन वर्षे २० होती. टेनला हरकत घेण्याचा हक्क फक्त पोलिसांना आणि पर्यावरण-आरोग्य विभागाला असतो, तोही कामकाजाच्या तीन दिवसांत. शेजाऱ्याला टेनचा पत्ताही लागत नाही. हॉलला कायमचा परवानाच नसेल तर टेनवर अटीही घालता येत नाहीत.

समितीवर काही काळ बसलेल्या माणसाचा विचार बदलतो तो याच ठिकाणी. उशिराच्या वेळेला सरळ नकार दिला तर शेजार शांत होईल, असे सुरुवातीला वाटते. नकारानंतर हॉल टेनकडे वळतो आणि वर्षातल्या १५ रात्री एक-एक वाजेपर्यंत चालतो. त्या रात्री दारे बंद ठेवण्याची अट नसते, फोन उचलायला कोणी बांधील नसते, माणसे कशी घरी जावीत याची योजना नसते. याउलट वर्षाला १२ रात्री, साडेबारापर्यंत, अशा नेमक्या अटींसह दिलेला परवाना शेजाऱ्याच्या हातात काहीतरी देतो. अट मोडली तर परवाना पुन्हा समितीपुढे आणता येतो. होकार आणि नकार यांतले अंतर कागदावर दिसते तेवढे रात्री राहत नाही. फरक पडतो तो अटींनी.

ब्रिटनमधल्या मराठी मंडळांचाही या व्यवस्थेशी नेहमीचा संबंध येतो. १९३२ पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे. अनेक गावांतली मंडळे मात्र गणपती, दिवाळी आणि कोजागरीला शाळेचा किंवा कम्युनिटी हॉल भाड्याने घेतात. गणपतीच्या आरतीला परवाना लागत नाही, कारण धार्मिक विधीचा भाग असलेले गायन-वादन करमणुकीच्या व्याख्येतून वगळलेले आहे. ५०० पर्यंत प्रेक्षकांपुढे रात्री ११ च्या आत संपणाऱ्या नाटकालाही २०१३ पासून तो लागत नाही. तिसरा अंक लांबला तर मात्र प्रश्न येतो. दारूच्या बाबतीत घोटाळा तिकिटात होतो. लोकांनी घरून आणलेली बाटली हॉलमध्ये उघडली तर विक्री होत नाही, म्हणून परवान्याचा प्रश्न नाही. हॉलच्या भाडेकरारात मात्र त्याला मनाई असू शकते. तिकिटाच्या पैशांत वाइनचा पेला धरलेला असेल, तर पेला फुकट आहे असे कितीही छापले तरी कायद्याच्या नजरेत ती विक्रीच ठरते आणि टेन द्यावी लागते. हे कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात लक्षात आले तर उशिराच्या टेनची सोय आहे. तिला कामकाजाचे किमान पाच दिवस लागतात आणि पोलिसांनी हरकत घेतली तर सुनावणीविनाच ती रद्द होते.

सुनावणीला तीन नगरसेवकांची उपसमिती बसते. शेजारी कायदेसल्लागार असतो. आपल्याच वॉर्डातल्या अर्जावर निर्णयाला बसू नये, असा संकेत अनेक कौन्सिलांत पाळतात. कामकाज न्यायालयासारखे नसते. समितीच्या अध्यक्षाने चालवलेली ती चर्चा असते, दोन्ही बाजूंना सारखा वेळ मिळतो आणि उलटतपासणीला सहसा परवानगी नसते. हॉलच्या बाबतीत समोरासमोर बसलेली माणसे एकमेकांना ओळखतात. हॉलचा खजिनदार हा हरकत घेणाऱ्याच्या मुलाचा शिक्षक असतो, किंवा दोघे एकाच चर्चमध्ये जातात. हरकतदाराचे नाव-पत्ता अर्जदाराला सहसा कळवला जातो, म्हणून लहान गावात लोक लिहायला कचरतात. ज्यांनी लिहिले त्यांतलेही काही जण सुनावणीला येत नाहीत. आलेला माणूस पुष्कळदा गेल्या अनेक वर्षांच्या कुरबुरी बरोबर घेऊन येतो: पार्किंग, कचऱ्याचे डबे, हॉलच्या समितीच्या निवडणुकीतला जुना वाद. त्यातून चार उद्दिष्टांत बसणारा भाग वेगळा काढणे हे अध्यक्षाचे मुख्य काम. पहिल्यांदा बोलू देणे आणि मग नेमके प्रश्न विचारणे, हीच रीत उपयोगी पडते. कोणत्या खोलीत ऐकू येते, खिडकी उघडी असताना की बंद असताना, शब्द कळतात की नुसता ठोका, किती वाजता थांबते, त्यानंतर जाग कशाने येते? या उत्तरांतून जे कळते ते साठ जणांच्या एकाच मजकुराच्या निवेदनातून कळत नाही.

पुराव्याचे महत्त्व न्यायालयांनीही ठसवले आहे. ‘विरल’ (Wirral) नावाच्या भागातल्या एका पबची वेळ मॅजिस्ट्रेटनी कमी केली होती. बाकीचे पब बंद झाल्यावर तिथले गिऱ्हाईक इकडे लोटेल, अशी भीती त्यामागे होती. प्रत्यक्षात तो पब काही महिने वाढीव वेळेत चालला होता आणि तशी अडचण दिसली नव्हती. २००८ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. आलेल्या अनुभवापेक्षा कल्पनेतल्या भीतीला जास्त वजन दिले गेले, हा त्यातला दोष. थ्वेट्स खटला म्हणून तो ओळखला जातो आणि अर्जदारांचे वकील तो हटकून पुढे करतात. हॉलच्या बाबतीत त्याचा उपयोग दोन्ही बाजूंना होतो. मागच्या वर्षीच्या टेनच्या रात्री काय घडले हा सगळ्यांत चांगला पुरावा असतो. तक्रारीची नोंद नसेल तर हॉलच्या बाजूने, असेल तर शेजाऱ्याच्या.

आवाजाविषयी समितीपुढे येणाऱ्या आकड्यांना मर्यादा असते. मोजणी साधारणपणे ‘ए’ मापात होते. ते माप माणसाच्या कानाला धरून बेतलेले आहे, पण खालच्या पट्टीतल्या आवाजाला त्यात कमी वजन मिळते. शेजाऱ्याची झोप मोडतो तो नेमका तोच, बेस ड्रम आणि बेस गिटारचा ठोका. गायकाचा आवाज वीट अडवते, ठोका भिंतीतून आणि छपरातून आरपार जातो. म्हणून जाणकार पर्यावरण-आरोग्य अधिकारी नुसता डेसिबलचा एक आकडा न देता ६३ आणि १२५ हर्ट्झच्या पट्ट्यांबद्दल बोलतात. जुन्या हॉलांना पातळ छप्पर आणि एकपदरी काचेच्या मोठ्या खिडक्या असतात. अनेक हॉल नॉइज लिमिटर बसवतात. ठरलेली पातळी ओलांडली की तो स्टेजवरच्या प्लगची वीज तोडतो. वादकांना तो आवडत नाही, कारण ढोलकीवाल्याने दोन ठोके जोरात मारले तरी सगळा संच बंद पडतो आणि अचानक वीज गेल्याने यंत्रे खराब होऊ शकतात. वादक मग स्वयंपाकघरातल्या प्लगवरून वायर ओढतात. लिमिटरची अट घालताना हॉलमधला प्रत्येक प्लग त्याला जोडलेला आहे ना, हे विचारावे लागते.

त्याहून अवघड प्रश्न उन्हाळ्याचा. खिडक्या बंद ठेवण्याची अट सहज लिहिली जाते, पण जुलैच्या रात्री दीडशे माणसे नाचत असलेल्या हॉलमध्ये हवा खेळती ठेवण्याची सोय नसेल तर साडेदहाला कोणीतरी मागचे दार उघडतेच. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त जागी धूम्रपानाला मनाई झाली आणि आणखी एक आवाज बाहेर आला. दर वीस मिनिटांनी दार उघडते, संगीताचा लोट येतो, पाच-सहा माणसे अंगणात उभी राहून मोठ्याने बोलतात. अनेक शेजाऱ्यांची तक्रार शेवटी संगीताची नसतेच. ती या गप्पांची असते, आणि नंतर गाड्यांच्या दारांची, टॅक्सीच्या हॉर्नची, रिकाम्या बाटल्या डब्यात ओतण्याची. गृहखात्याच्या मार्गदर्शिकेप्रमाणे जागेच्या लगतच्या परिसरापलीकडे लोकांच्या वागण्याची जबाबदारी त्यांची स्वतःची. हॉलच्या दारापासून कोपऱ्यापर्यंतचा तुकडा मात्र परवानाधारकाच्या अंगावर येतो. म्हणून बार कधी बंद, संगीत कधी बंद आणि दारे कधी बंद, या तीन वेळा वेगळ्या लिहिणे शहाणपणाचे असते. बार साडेअकराला, संगीत पावणेबाराला आणि हॉल सव्वाबाराला बंद झाला तर माणसे थोडी-थोडी बाहेर पडतात. तिन्ही बाराला संपले तर सगळी गर्दी एकदम रस्त्यावर येते.

अट लिहिण्याचे कौशल्य तिच्या तपासण्याजोगेपणात आहे. ‘आवाज वाजवी ठेवावा’ ही अट निरुपयोगी, कारण वाजवी म्हणजे किती यावर वाद होतो. ‘रात्री १० नंतर रस्त्याकडच्या खिडक्या आणि दारे, ये-जा वगळता, बंद ठेवावीत’ ही अट रस्त्यावर उभे राहून तपासता येते. ‘कार्यक्रम चालू असेतो चालू राहील असा फोन नंबर हॉलबाहेर लावावा’, ‘रात्री ९ ते सकाळी ८ बाटल्या बाहेरच्या डब्यात टाकू नयेत’, ‘रात्री ११ नंतर धूम्रपान पुढच्या अंगणात, मागच्या घरांकडे नाही’ याही तशाच. स्वयंसेवकांना झेपेल एवढेच मागावे लागते. नाइट क्लबच्या परवान्यातून उचललेल्या वीस अटी, प्रत्येक पार्टीला परवानाधारी सुरक्षारक्षक आणि महिनाभराचे सीसीटीव्ही चित्रण, असे लादले तर हॉल एक तर परवाना सोडतो किंवा अटी कपाटात ठेवतो. कायद्यालाही हॉलचे वेगळेपण मान्य आहे. पबमध्ये दारूविक्रीसाठी एका नेमलेल्या पर्यवेक्षकाचे नाव परवान्यावर लागते. २००९ पासून सामुदायिक हॉल ती अट काढून मागू शकतात, मग जबाबदारी संपूर्ण व्यवस्थापन समितीची होते. त्यासाठी भाडेकरूंशी करायचा करार नीट आहे का, हे तपासले जाते. हॉल भाड्याने घेऊन पार्टी देणारा माणूस एका रात्रीपुरता येतो, अटी मोडल्याचा जाब मात्र हॉलच्या समितीला द्यावा लागतो.

परवान्यावरची वेळ हीच अंतिम वेळ, असा समज हॉलच्या समित्यांत नेहमी आढळतो. नियोजन परवानगीत वेगळी वेळ असू शकते, जागेच्या ट्रस्टच्या करारात तिसरी. तिन्हींतली सगळ्यांत आधीची वेळ पाळावी लागते. संगीताच्या स्वामित्वहक्काचा परवाना, जो २०१८ पासून पीपीएल आणि पीआरएस या दोन संस्था मिळून देतात, तोही वेगळा. राजाचा राज्याभिषेक किंवा युद्धसमाप्तीचा वर्धापनदिन अशा प्रसंगी सरकार देशभर वेळ वाढवते. मे २०२३ मध्ये राज्याभिषेकाच्या शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी, आणि ८ मे २०२५ रोजी रात्री एकपर्यंत अशी सवलत होती. तेवढ्यापुरते स्थानिक निर्णयाचे काम पडत नाही.

निर्णयाबरोबर कारणे लिहून द्यावी लागतात. २०११ च्या होप अँड ग्लोरी खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले, की परवाना देणे हे न्यायदानापेक्षा प्रशासनाचे काम आहे, गावाचा फायदा आणि शेजाऱ्याचा त्रास यांचे वजन करण्याचे, आणि समितीची कारणे जितकी सविस्तर व स्पष्ट तितके त्यांना अपिलात वजन. म्हणून कोणाचे म्हणणे का मानले आणि कोणाचे का नाही, हे हरलेल्या बाजूला समजेल अशा भाषेत लिहिणे हा निर्णयाचाच भाग ठरतो. कोणत्याही बाजूला २१ दिवसांत मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात अपील करता येते, पण वकिलाचा खर्च पाहून हॉलही सहसा तिकडे जात नाही आणि शेजारीही. परवान्याला मुदत नसते, तो वार्षिक फी भरत राहिल्यास चालू राहतो. त्यावर कायमची पकड आहे ती फेरविचाराच्या हक्काची. अनुभव असा, की हॉलच्या बाबतीत तो क्वचित वापरावा लागतो. बाहेर लावलेला फोन रात्री बाराला खरोखर उचलला जातो आणि पाच मिनिटांत कोणी दार लावून घेते, तिथे तक्रार कौन्सिलपर्यंत पोचत नाही. जिथे फोन वाजत राहतो, तिथे शेजारी तारीख-वेळ लिहून ठेवू लागतो, आणि ती वही फेरविचाराच्या सुनावणीत पहिला पुरावा होते.